बंदुकीचं न्हाणं

शस्त्र हा घराण्याचा प्राण असतो, असं माझे सासरे म्हणत, आणि म्हणताना खुर्चीतून उठून उभे राहत. आमच्या चंदीगडच्या क्वार्टरात हा प्राण गाद्यांच्या कपाटात, जुन्या सतरंजीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्यांशेजारी आडवा पडलेला असे. पाहुणे आले आणि गाद्या काढायची वेळ आली की घराण्याचा प्राण आधी उचलून कॉटवर ठेवावा लागे.

दुनळी होती, बारा बोअरची. सासऱ्यांच्या वडिलांना ती एका संस्थानिकाने बक्षीस दिली होती. संस्थान इतकं लहान होतं की महाराज सकाळी शिकारीला निघाले तर दुपारच्या जेवणाला परमुलखात पोचत असावेत, असा माझा अंदाज आहे. बक्षीस मिळालं ते वाघ मारल्याबद्दल. वाघ दर वर्षी थोडा वाढत होता. माझ्या लग्नात तो सात हातांचा होता, आणि पुढे मुलीच्या बारशाला त्याने माणसं खायला सुरुवात केली होती. सासूबाई हयात होत्या तोवर या गोष्टीला थोडा लगाम असे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे बंदुकीने आयुष्यभर उसातली रानडुकरं हाकलली, आणि तीही बहुतेक नुसत्या आवाजावर.

सासरे साताऱ्याकडचे. सुभेदार मेजर म्हणून निवृत्त होताना त्यांना कॅप्टनचा मानद हुद्दा मिळाला होता. जावयाच्या घरी राहायचं नसतं, म्हणून ते आमच्याकडे राहत नव्हते, आलेले होते. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून ते आलेलेच होते. त्यांची काळी लोखंडी ट्रंक पलंगाखाली कायम भरलेली असे, आणि कुणी विचारलं तर ते सांगत की पावसाळा संपला की निघतो.

त्या काळात पंजाब जळत होता आणि चंदीगड त्या जाळाच्या कडेला झाडांना पाणी घालत बसलं होतं. सतरा सेक्टरातली दुकानं अंधार पडायच्या आत शटर ओढत. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे केंद्रीय पोलिसांचे जवान बसलेले असत, आणि त्यांच्या डोक्यावर अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळाधमक फुललेला असे. सकाळच्या बातम्यांत मेलेल्यांचा आकडा येई, मग हवामान. आम्ही मराठी मंडळी, कुणी फौजेतले, कुणी मोठ्या इस्पितळातले, कुणी माझ्यासारखे तीस सेक्टरातल्या प्रयोगशाळेतले, एकमेकांना भेटलो की बदलीबद्दल बोलायचो. बाकीच्या गोष्टींबद्दल बोलायला कुणाकडेच धड शब्द नव्हते.

घरात परवान्याची बंदूक असणं हे त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी वाईट होतं. अतिरेकी बंदुकांसाठी घरात शिरत, आणि पोलीस बंदुका आहेत म्हणून. माझ्या बायकोने बापाला स्पष्ट सांगितलं की बंदूक घराबाहेर जायला हवी. ठाण्यात जमा करणं हा सरळ मार्ग होता. सासरे म्हणाले, ठाण्याच्या मालखान्यात ती चोरांच्या सायकलींबरोबर पडेल. पुढे दोन दिवस ते जेवणात मीठ कमी आहे याखेरीज काही बोलले नाहीत.

मग त्यांना समजलं की त्यांची जुनी पलटण बदलून आली आहे आणि शहराजवळच्या छावणीतच आहे. ते इस्त्रीचे कपडे घालून गेले आणि संध्याकाळी परत आले तेव्हा चेहऱ्यावरचं वय कुठेतरी ठेवून आले होते. पलटण बंदूक स्वीकारायला तयार होती. ती ऑफिसर्स मेसच्या दिवाणखान्यात भिंतीवर लागणार होती, ब्रिगेडियरसाहेबांच्या हस्ते, छोटा समारंभ करून. परवान्याचे सोपस्कार पलटण बघणार होती.

या बातमीचा अर्थ मला लगेच कळला नाही. बायकोने स्वयंपाकघरात हलक्या आवाजात समजावला. बाबांची उभी नोकरी त्या पलटणीत गेली, पण त्या दिवाणखान्यात ते कधी बसले नव्हते. सुभेदारांची मेस वेगळी, अधिकाऱ्यांची वेगळी. कॅप्टनचा हुद्दा मिळाला तो घरी जायच्या वेळी. दारापर्यंत निरोप घेऊन ते हजारदा गेले असतील. आत गेले असतील ते उभ्याने. आता बंदूक आत राहणार होती, कायमची, आणि तिच्या निमित्ताने एक संध्याकाळ त्यांनाही खुर्ची मिळणार होती.

बंदूक बघायला पलटणीतून एक तरुण कॅप्टन आला. नळ्या बघून खूश झाला. मग त्याने दस्ता हातात घेतला, म्हणजे मागचा लाकडी भाग, जो खांद्याला लावतात. त्याने बोटं उचलून एकमेकांवर घासली, आणि मोठ्या अदबीने ती पँटच्या मागच्या बाजूला पुसली. दस्ता डांबरासारखा काळा होता. जिथे मुठीत धरतात त्या बारीक जागी लाकडाला तडा गेला होता आणि तड्यातून काहीतरी ओलसर चमकत होतं. "सर, इतना ज़रा ठीक करवा लीजिए," कॅप्टन म्हणाला, "फिर दीवार पर शान से लगेगी."

दस्ता अक्रोडाचा होता, आणि काळा पडला होता तो तेलाने. बंदुकीच्या यंत्राला तेल देतात. बंदूक उभी ठेवली की ते पाझरत लाकडात उतरतं. हे जगातल्या सगळ्याच जुन्या बंदुकांचं होतं. पण आमच्या बंदुकीचं एवढ्यावर भागलं नव्हतं. गावाकडे ती देवघराच्या कोपऱ्यात उभी असे. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होई, तेव्हा सासूबाई तिला हळदकुंकू वाहत आणि वरून खाली तेलाचा हात फिरवत. पुढे दिवाळी येई. दिवाळीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांना तेल लावायचं असतं, आणि बंदूक घरातलीच होती. मग तिलाही अभ्यंग. संक्रांतीच्या सुमाराला हवा कोरडी पडते, माणसांच्या टाचा फुटतात, तेव्हा लाकडालाही त्रास होत असेल, म्हणून आणखी एकदा. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून जाईपर्यंत हे चाललं. घरात कुणाला हे चूक वाटलं नाही. प्रेमाने केलेल्या गोष्टी तपासून बघायची आपल्याकडे पद्धत नाही.

माझं प्रयोगशाळेतलं काम काचेवर अतिशय पातळ थर चढवण्याचं. काचेवर बोटाचा एक ठसा राहिला तर थर तेवढ्या जागी उचलून येतो. त्यामुळे मी अधिकारवाणीने सांगितलं की आधी तेल काढायला हवं. लाकडात तेल असेल तर तड्यात सरस धरणार नाही आणि वरून पॉलिश बसणार नाही.

"आणि पॉलिश कशाचं लावायचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"जवसाच्या तेलाचं."

"म्हणजे जावईबापू," ते म्हणाले, "तेल लावायसाठी तेल काढायचं."

मी समजावलं की जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, खोबरेल कधीच सुकत नाही, दोन्हींचं रसायन वेगळं आहे. ते मान डोलवत होते. सरकारी खात्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला या तर्कात काही नवीन वाटलं नसावं.

नळ्या काढून ठेवल्या. नुसता दस्ता घेऊन आम्ही मागच्या व्हरांड्यात बसलो. डेराबस्सीच्या औषध कारखान्यात एक सोलापूरकर रसायनतज्ज्ञ होते, त्यांनी ॲसिटोनचा छोटा कॅन दिला. मी चिंधी भिजवून पुसत गेलो. चिंधी तपकिरी व्हायची, लाकूड क्षणभर फिकट दिसायचं आणि मग डोळ्यांदेखत पुन्हा काळवंडायचं, आतून वर येत. एखाद्याने निर्धाराने चेहरा कोरा करावा आणि तो टिकू नये, तसं.

शेजारच्या बीजी कुंपणावरून हे बघत होत्या. पासष्टीच्या, विधवा, फाळणीत मुलतानहून आलेल्या. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. बायकोने सांगितलं, तेल काढतोय, निघत नाही. बीजी आत गेल्या आणि पिवळट ढेकळांनी भरलेला एक डबा घेऊन आल्या. तेलकट डोकं कशाने धुतात, एवढंही तुम्हाला माहीत नाही का, असं त्यांनी पंजाबीत विचारलं. मी म्हणालो, मुलतानी माती, आणि तीही अस्सल मुलतानच्या हातची.

"मुल्तान में तो हम इसे बस मिट्टी कहते थे, जी," बीजी म्हणाल्या.

मातीची पूड केली, ती ॲसिटोनमध्ये कालवली आणि दस्त्यावर जाड लेप दिला. लेप वाळला की तेल शोषून घेतो, मग ब्रशने झाडायचा. पण लाकूड तापवलं तर तेल जास्त सुटेल, असं माझं म्हणणं पडलं. सासरे आत गेले आणि पलंगाखालची ट्रंक ओढून त्यांनी ती रिकामी केली. कपडे पलंगावर, सासूबाईंचा फोटो उशीवर. काळ्या रंगाची लोखंडी ट्रंक, मे महिन्याचं ऊन. अंगणात ठेवून तासाभराने झाकण उघडलं तर आतून भट्टीसारखा वाफारा आला. लेप दिलेला दस्ता आम्ही तिच्यात विटांवर आडवा ठेवला आणि झाकण लावलं.

चंदीगडमधली मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगणं कठीण आहे. रस्ते इतके सरळ आणि इतके रिकामे की शहर कुणीतरी काढून ठेवलंय आणि माणसं भरायची विसरलीत असं वाटावं. लू, म्हणजे अंग भाजणारा गरम वारा, सुटलेली असते. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून ओला गार वास येत असतो, पंख्याचा एकसुरी घर्रघर्र आवाज, कुठेतरी लांबवर जीपचा भोंगा, आणि मग तोही नाही. त्या दुपारी आम्ही तिघे मागच्या खोलीत चटईवर पडलो होतो. झोप आणि जाग यांच्या मधल्या पट्टीत. दार किलकिलं होतं.

तेव्हा तो वास आला.

मला आधी वाटलं मी स्वप्नात गावी आहे. खोबरेलाचा वास, पण नुसत्या खोबरेलाचा नव्हे. त्यात माका होता, जास्वंद होती, वाळा होता, आणि तळाशी थोडंसं करपलेलं काहीतरी, कढईत जरा जास्त वेळ राहिलं की येतं ते. सासूबाई केसांचं तेल घरी कढवत. बंदुकीसाठी वेगळं तेल कोण आणणार? जे डोक्याला तेच तिला. इतकी वर्षं ते लाकडात शिरून बसलं होतं, आणि आता ट्रंकेच्या फटीतून निघून अंगण ओलांडून खोलीत आलं होतं.

बायको उठून बसली होती. तिने दाराकडे बघितलं, ज्या नजरेने बाहेरून येणाऱ्या माणसाकडे बघतात त्या नजरेने. "आई न्हाऊन आली की असा वास यायचा," ती म्हणाली, आणि लगेच कूलरमध्ये पाणी घालायला निघून गेली. सासरे डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, कारण ते घोरत नव्हते.

संध्याकाळी झाकण उघडलं. पिवळी माती गुळासारखी तपकिरी झाली होती. ब्रशने झाडली, तर खाली अक्रोडाचं लाकूड पहिल्यांदा दिसलं, मधासारखं, आणि त्यात गडद रेषा, पाण्यावर वारा फिरावा तशा. मी खूश झालो. सासरे दस्ता हातात धरून उभे होते. झाडलेली माती मी केराच्या टोपलीत टाकणार होतो, तर ते म्हणाले की राहू द्या, मी बघतो. ती त्यांनी तुळशीच्या कुंडीशेजारी एका कागदावर जमा केली.

त्यानंतर रोज तेच. सकाळी लेप, दुपारी ट्रंक, संध्याकाळी ब्रश. बाहेर त्या दिवसांत संचारबंदी लागत होती, उठत होती. एकदा बसस्टँडजवळ बॉम्ब सापडला आणि अख्खा दिवस कुणी घराबाहेर पडलं नाही. पण दुपार झाली की आमच्या घरात तो वास पसरे आणि सगळे आपोआप मागच्या खोलीत येऊन पडत. माझी मुलगी, जिला मराठी समजत होतं पण जी उत्तर हिंदीत द्यायची, तिने एकदा विचारलं, "आई, आज नानी का टाइम कब है?" तिने आजीला बघितलं होतं ते अगदी लहानपणी. तिच्या लेखी नानी म्हणजे दुपारची एक वेळ होती, पाणी येण्याची असते तशी.

सासरे त्या वेळात बोलत. एरवी त्यांच्या बोलण्यात लढाया असत, जनरल असत, वाघ असे. दुपारी चटईवर पडून ते सांगत की लग्नानंतर ती दोन वर्षं एकटी गावी होती आणि ते बर्फात होते. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेल्या प्रत्येक पत्रात शेवटी एकच ओळ असे, की बंदूक ठीक आहे. त्यांनी ती पत्रं बंकरमध्ये वाचली तेव्हा सोबतचे हसले होते. तेही हसले होते. तिला दुसरं काय लिहवून घेता येणार, मास्तरांसमोर, हे त्यांना पुढे बऱ्याच वर्षांनी सुचलं.

वास हळूहळू कमी होऊ लागला. लेप आता नुसता पिवळट राहायचा, कडेला थोडी तपकिरी झाक. समारंभ जवळ आला होता. मी दस्ता उन्हात धरून तपासला आणि सांगितलं की आणखी दोनतीन वेळा केलं की लाकूड पूर्ण कोरडं होईल. मग तडा सरसाने भरू, जवसाचं तेल चढवू, काम फत्ते.

सासरे म्हणाले, "नको. पुरे आता."

मी म्हणालो की तड्याजवळ अजून तेल आहे, सरस धरायचा नाही.

"बघू."

"बाबा, पॉलिश सुकणार नाही. मेसमध्ये काय दाखवणार?"

त्यांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. "ती सगळी काढून टाकायची," ते म्हणाले, "आणि रिकामी तिथे टांगायची? मग आत जाऊन बसणार कोण, मी एकटाच?"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, बाबा म्हणतात तर असू द्या." या वाक्यावर अपील नसतं.

मग मी एपॉक्सीच्या सरसाने तडा भरला आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. दिसायला दस्ता देखणा झाला. सुकायला मात्र तो तयार नव्हता. रोज सकाळी मी बोट लावून बघे. बोट हलकेच अडकून सुटे, लहान मुलाने बोट धरावं आणि सोडावं तसं. बीजींनी कुंपणावरून बघून मत दिलं की मुलगी गोरी झाली, पण अजून दमट आहे.

समारंभाच्या दिवशी आम्ही बंदूक सुटी करून नेली, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, वर पलटणीचं पत्र. सासरे मेडलं लावून टॅक्सीत पुढे बसले होते. नाक्यावर एका काळ्यासावळ्या जवानाने थांबवलं, पत्र वाचलं, सतरंजी उघडून दस्ता हातात घेतला, उलटसुलट केला. मग थांबला. हात नाकाशी नेला. रायफल खांद्याला, मागे वाळूची पोती, चाळीस अंशांवर गेलेलं ऊन, आणि हा माणूस डोळे मिटून उभा. केरळचा होता. कुठलं तेल आहे, असं त्याने विचारलं. बायकोने सांगितलं, माझ्या आईचं. त्याने मान हलवली, जणू हे उत्तर नियमात बसत होतं, आणि दस्ता स्वतः नीट गुंडाळून परत दिला.

मेसचा दिवाणखाना मोठा होता. भिंतीवर सांबराची शिंगं, गेलेल्या कमांडिंग ऑफिसरांचे फोटो, चांदीचे चषक. ब्रिगेडियरसाहेबांनी इंग्रजीत भाषण केलं. परंपरा, पराक्रम, वारसा. वाघ त्यांच्यापर्यंतही पोचला होता आणि आता तो नरभक्षकच नव्हे तर तीन गावांचा कर्दनकाळ होता. पांढरे हातमोजे घातलेल्या मेस हवालदाराने बंदूक मखमलीवरून उचलून साहेबांच्या हातात दिली. देताना त्याचे हात क्षणभर बंदुकीवरच राहिले, आणि सुटले तेव्हा हातमोज्यांच्या तळव्यांवर पिवळे पट्टे होते. साहेबांनी हसून फोटो काढून घेतला. पुढे ते ज्यांच्याशी ज्यांच्याशी हस्तांदोलन करत गेले, त्या प्रत्येकाने थोड्या वेळाने आपला हात हळूच हुंगला. कुणीच काही बोललं नाही. फौजेत शिस्त असते.

बंदूक भिंतीवर चढली. सासऱ्यांना कमांडिंग ऑफिसर कर्नलसाहेबांच्या शेजारच्या सोफ्यावर बसवलं. ते आधी कडेला बसले, मग थोडे मागे, मग पाठ टेकून. बेअरा सरबत घेऊन आला तेव्हा ते नेहमीच्या सवयीने उठायला लागले. कर्नलसाहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. ते वर, बंदुकीकडे बघत होते. बाहेर अंधारायच्या आत शहरात परतायचं होतं, म्हणून मीच शेवटी निघण्याची खूण केली. गाडीत ते एवढंच म्हणाले की तिला खोली आवडली.

त्यानंतरच्या शनिवारी छावणीतून मेस हवालदाराचा फोन आला. बंदुकीला मुंग्या लागल्या होत्या.